शेवटच्या ओळीतलं नाव

आमच्या उमापुरात कापसाची वेचणी सुरू झाली की रानात एक गाणं ऐकू येतं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी ते आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. कमरेला फडक्याची झोळी बांधून त्या सरीनं पुढं चालल्या होत्या आणि हाताच्या चालीवर म्हणत होत्या :

बोंड फुटलं फुटलं, आत कुनाचा उजेड
बोट रक्ताळलं माझं, तरी सुटंना हे येड
येचू येचू दमले मी, झोळी भरता भरंना
सरस्वती म्हने बाई, येचनारी बी उरंना

आत्याबाईंचं नाव सरस्वतीबाई. मी बी.ए.ला मराठी घेतलेली, त्यामुळे शेवटच्या ओळीत नाव आलं की ते रचणाऱ्याचं, एवढं मला ठाऊक होतं. वेचता वेचता वेचणारीच उरत नाही, हे माझ्या सासूनं कसं रचलं असेल, याचा मी दिवसभर विचार करत राहिले. संध्याकाळी न राहवून विचारलं, "आत्याबाई, ते गाणं तुमचं?"

"मग? नाव आयकलं न्हाईस व्हय?"

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या सरीत दगडाबाईनं तेच गाणं धरलं. शब्द तेच, चाल तीच आणि शेवटी "दगडा म्हने गं बाई." मी हातातलं बोंड तसंच धरून उभी राहिले. माझं तोंड बघून आत्याबाई हसता हसता खाली बसल्या.

"अगं, तिचंबी हाय अन् माझंबी हाय. केलं मास्तरांनी."

मास्तर म्हणजे काझी मास्तर. मशिदीमागच्या गल्लीत त्यांचं घर. हैदराबादेला राहून अरबी-फारसी शिकून आलेले. पुढं उर्दू शाळेत नोकरी लागली आणि निवृत्तीनंतरही गाव सोडून कुठं गेले नाहीत. उंच, किडकिडीत, डोक्यावर पांढरी टोपी आणि सदऱ्याच्या खिशाला खडूचा डाग. त्यांचं पूर्ण नाव वजीहोद्दीन काझी. ते मला माहीत, कारण त्यांच्या पुढच्या दारावर उर्दूत आणि मराठीत अशी पाटी होती आणि मला दिसेल ती पाटी वाचायची सवय. गावात मात्र ते नाव तोंडानं घेणारं कुणी नव्हतं. लहानापासून थोरापर्यंत सगळ्यांचे ते मास्तर. बायका तर त्या पुढच्या दारानं कधी गेल्याच नाहीत. त्यांची वाट परसातून, लिंबाच्या झाडाखालून.

त्या लिंबाखाली मास्तरांनी गावातल्या बायकांना अक्षरं शिकवली. आधी आपल्या समाजाच्या मुलींसाठी वर्ग सुरू केला, तर चार घरच्यांनी मुली पाठवल्याच नाहीत. म्हणाले, पोरी लिहायला शिकल्या की चिठ्ठ्या लिहितील. मास्तर म्हणाले, "लिहू द्या. निदान शुद्ध लिहितील." मुली येईनात तेव्हा त्यांनी आल्या-गेल्या बायकांना बसवलं. वेचणीच्या, खुरपणीच्या बायका दुपारी पाणी प्यायला थांबत, त्यांना एकेक अक्षर देत. मराठ्यांच्या, बौद्धवाड्यातल्या, मोमिनांच्या, सगळ्यांच्या बायका. मग ज्यांनी मुली पाठवल्या नव्हत्या त्यांनीही पाठवल्या. आत्याबाई सही करायला आणि एसटीची पाटी वाचायला शिकल्या त्या तिथंच.

मास्तरांचं दुसरं खूळ लग्नाचं. गावातले निकाह तेच लावत. मुलाकडच्यांनी काही मागितलं असेल तर आपण निकाह लावणार नाही, असं त्यांनी मशिदीत उभं राहून सांगितलं होतं. लोकांना वाटलं, बोलायची गोष्ट आहे. मग एका लग्नात मांडवाबाहेर लाल फीत बांधलेली नवीकोरी मोटारसायकल उभी दिसली. ही गोष्ट मला मास्तरांच्या बायकोनं, जैनबबींनी सांगितली. सांगताना पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मास्तरांनी विचारलं, "ही कुणाची?"

नवऱ्या मुलाचा मामा ऐटीत म्हणाला, "दुल्हे की है, मास्तर."

"घरून घेऊन आला?"

"नाही, इथंच मिळाली. खुशीनं दिली."

"मग निकाह हिच्याशीच लावू का? हिचीबी मर्जी विचारतो."

मांडवात हशा पिकला. मामा काही हसला नाही. मास्तर उठून घरी आले आणि तो निकाह बाहेरगावच्या काझींना आणून लागला. तेव्हापासून मास्तरांना लग्नाची बोलावणी कमी झाली. त्यांची स्वतःची मुलगी तहमीना, तिचं लग्नही त्यापायी लांबलं. कुणी मागणी घालायला आलं की आधी मास्तर काय बोलतील याची धास्ती. बापाच्या तोंडापायी पोर बसून राहिली, असं बायका बोलत. तहमीना शिकत राहिली, बीडला शिक्षिका झाली आणि पुढं तिला सोबतच्याच एका शिक्षकानं मागणी घातली. मोटारसायकल त्याची स्वतःची होती.

पण मास्तर नुसते चुका काढणारे नव्हते. दर्ग्याला जात, पण नवस बोलायला आलेल्यांना हळूच म्हणत, "पीरबाबा थकून झोपलेत. त्यांना कामं सांगू नका, नुसतं शेजारी बसून या." स्वतः तसेच बसून राहत, कितीतरी वेळ. अशा वेळी त्यांच्याकडं पाहिलं तर वाटायचं, हा माणूस इथं आहे आणि नाहीसुद्धा.

ते उर्दूत शेर करत. त्यांचे सोबती सिकंदरभाई शिवणकाम करायचे, ते मशीन थांबवून वाहवा करत. जैनबबींना त्यातलं अक्षर कळत नसे. घरचं थोडं रान होतं, तिथं त्या स्वतः कापूस वेचायला जात. एकदा म्हणाल्या, "तुमारे शेर कोन समझता जी? कपास येचते-येचते बोलने को कुछ तो भी देव ना."

त्यावर मास्तरांनी दोन दिवस घेतले म्हणे. मग बोंडाचं गाणं दिलं. उर्दूत नाही, दखनीतही नाही, रानातल्या बायकांच्या मराठीत, कारण जैनबबींच्या आजूबाजूला वेचणाऱ्या तशाच बोलत. शेवटची ओळ होती, "जैनबबी म्हने बाई." नावाची जागा त्यांच्याच नावाच्या मापानं कापलेली.

आत्याबाईंनी ते जैनबबींकडून उचललं. तेव्हा त्या अगदी नव्या होत्या, माझे सासरे राधाकिशन यांची नवी नवरी. त्यांनी मास्तरांना परसातून भीत भीत विचारलं, "शेवटी नाव कुनाचं घालू? जैनबबींचं का तुमचं?"

मास्तर दारातून म्हणाले, "ज्याच्या बोटाला बोंड टोचलं, त्याचं."

तिथून ते गाणं सुटलं. जी म्हणेल ती आपलं नाव घाली. उमापुरातून माहेरवाशिणींसोबत नेकनूरकडं गेलं, गेवराईकडं गेलं. त्यामागोमाग मास्तरांनी आणखी गाणी केली, निंदणीची, भाकरीची, पाळण्याची. कशातच त्यांचं नाव नाही. सिकंदरभाई चिडायचे.

"इतना इल्म लेके आए और औरतों के गाने बनाते. बनाते तो बनाव, शेवटी तखल्लुस तरी टाका. शायर नाव टाकल्याबिगर गाणं सोडतो का कुठं?"

"मी कुठं कापूस वेचतो, सिकंदर?"

"मग मी पण नाव टाकत नाही शर्टावर. लोकांनी म्हणावं, आपोआप शिवला गेला."

मास्तर हसत. मला वाटतं, तेव्हा ते खरंच मनापासून हसत होते. नाव सोडून देणं हीच त्यांची साधना होती. तीच त्यांनी गाण्यात घातली आणि बायकांनी ती आपापल्या नावानं वाटून घेतली. याहून जास्त काय हवं?

जैनबबी गेल्या आणि एक गोष्ट घडली. ती कुणाच्याच ध्यानात आली नाही. त्यांच्यामागून कुणी "जैनबबी म्हने बाई" असं म्हणेना. म्हणणार कशाला? प्रत्येकीचं बोट वेगळं, प्रत्येकीचं नाव वेगळं. जी गेली तिचं नाव गाण्यातूनही जायचं, हा मास्तरांच्याच नियमाचा दुसरा अर्थ. मास्तर मात्र वेचणीच्या दिवसांत दुपारी आमच्या बांधावर येऊन बसू लागले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची आणि ऐकायचं. एका बाईचं झालं की दुसरीचं. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला करमत नाही.

मग ते मोबाइलवर आलं. गेवराईच्या एका कार्यक्रमात वनमाला नावाच्या एका बाईनं पेटी-तबल्यावर ते गायलं आणि कुणीतरी व्हिडिओ टाकला. मलाच तीन ठिकाणांहून आला. मास्तर बांधावर होते, त्यांना मी उत्साहानं दाखवला. गळा फार गोड. शेवटी "वनमाला म्हने बाई" आणि टाळ्या.

"खाली काय लिहिलंय, सूनबाई?" मास्तरांची नजर अधू झाली होती.

"पारंपरिक गीत."

"म्हणजे?"

"म्हणजे... पूर्वापार चालत आलेलं. कुणाचं ते माहीत नाही असं."

"बरोबर लिहिलंय," मास्तर म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "परत लाव."

मी परत लावलं. शेवटच्या ओळीला ते पुढं झुकले. मोबाइल काही दुसरं नाव सांगणार नव्हता.

तहमीनाचा त्यावर फोन आला, आधी बापाशी भांडून झाल्यावर मग मला. "वहिनी, मी म्हटलं, अब्बा, आता तरी बोला, हे माझं आहे म्हणून. तर म्हणतात, तुझ्या आईचं नाव गेलं, माझं तर नव्हतंच. असं कधी बोलत नव्हते ते."

त्या वर्षी मास्तरांना धाप लागायला लागली. बीडला नेलं, औषधं झाली, डॉक्टरांनी वयाकडं बोट दाखवून घरी पाठवलं. ते परसात लिंबाखाली बाजेवर पडून असत. दुपारच्या वेळी बायका जाऊन बसत. एके दिवशी आत्याबाई, दगडाबाई, मी, आणखी दोघी-तिघी होतो. मास्तर उशीला टेकून बसले होते.

"सरस्वतीबाई, एक मागणं आहे."

"बोला की मास्तर."

"ते बोंडाचं म्हणा." ते थांबले. वर लिंबाकडं बघत म्हणाले, "आणि आज शेवटी माझं नाव घाला."

कधी कुणाकडं काही न मागितलेला माणूस. एवढं बोलून त्यांचे कान लाल झाले. दगडाबाई चेष्टेनं काही बोलणार होती, तिला मी चिमटा काढला. आत्याबाईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला, मांडी सावरली आणि अगदी संथ सुरू केलं. इतकं जपून म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मास्तरांनी डोळे मिटले. त्यांचं बोट बाजेच्या लाकडावर ताल धरत होतं. झोळी भरता भरेना, इथवर आलं आणि बोट वर राहिलं.

"मास्तर म्हने गं बाई, येचनारी बी उरंना."

बोट खाली आलंच नाही. मास्तरांनी डोळे उघडले.

"घातलं की वो नाव," आत्याबाई हरखून म्हणाल्या.

मास्तर त्यांच्याकडं बघत राहिले. मग मान हलवली. "हौ," म्हणाले, "घातलं. लई छान म्हटलं." आणि आत स्वयंपाकाला येणाऱ्या बाईला हाक मारून सगळ्यांना चहा सांगितला.

परत येताना आत्याबाईंचे पाय जमिनीवर नव्हते. "डोळ्यांत पानी आलं बघ मास्तरांच्या," त्या वाटभर सांगत होत्या.

संध्याकाळी आत्याबाई भाकरी थापत होत्या तेव्हा तहमीनाचा फोन आला. "वहिनी, अब्बा म्हणाले आज गाणं ऐकलं. मी विचारलं, नाव आलं? तर म्हणतात, गावात मास्तर लई होऊन गेले, आणखी होतील, पण मनापासून म्हटलं त्यांनी. वहिनी, सरस्वतीमावशींनी नाव का नाही घेतलं हो?"

ती रागावली नव्हती. तेच जास्त लागलं. मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांचा हात पिठातच थांबला.

"मास्तर म्हंजे तेच की. दुसरं कोन हाय?"

"नाव म्हणजे त्यांचं नाव, आत्याबाई. पाळण्यातलं."

"थोराचं नाव तोंडानं घेऊ? त्यांच्यासमोर बसून?" त्या माझ्यावरच उखडल्या. "आगं, मी ह्यांचं नाव उखान्याबिगर घेतलं न्हाई जल्मात."

ते खरं होतं. एकदा पोस्टात साहेबांनी नवऱ्याचं नाव विचारलं, तर आत्याबाई मला कोपरानं ढोसत "तू सांग, तू सांग" करत होत्या आणि साहेबांना वाटलं, बाईला नवऱ्याचं नावच आठवत नाही. मोठ्या माणसाचं नाव घेणं म्हणजे त्याचा मान उतरवणं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मास्तरांनी नाव घाला म्हटल्यावर त्यांनी जगातला सगळ्यात मोठा मान उचलून त्या जागी ठेवला होता. आणि तिथं बसलेल्या आम्हा सगळ्यांनाही ते ठीकच वाटलं होतं.

तव्यावरची भाकरी करपली. ती उतरवून त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "काय हाय गं त्यांचं नाव?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"कशाला इचारील? मास्तर होते ना."

"वजीहोद्दीन."

"परत सांग."

त्या रात्री आणि पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरात ते नाव चाललं. वजीरोद्दीन व्हायचं, वजूद्दीन व्हायचं. मी दुरुस्त करायचे. जिभेवर बसलं तर गाण्यात बसेना. सरस्वती, जैनबबी, वनमाला, सगळी नावं त्या जागेत अलगद उतरत. "वजीहोद्दीन म्हने बाई" म्हटलं की चाल अडखळे.

"बाज आखूड अन् मानूस लांब," आत्याबाई वैतागून म्हणाल्या. "पाय भाईर ऱ्हातोय त्यांचा."

"नुसतं वजी म्हणा."

"अर्धं नाव? त्ये तर पोरासोराला हाक मारल्यावानी झालं."

"मग अडखळत म्हणा. त्यांना चालेल. उद्या दुपारी जाऊ."

"न्हाई. एकदा चुकलं. आता नीट बसल्याबिगर जायची न्हाई मी."

मी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही. वेचणी भरात आली होती. वेचायला माणसं मिळत नव्हती आणि आभाळ धड नव्हतं. आत्याबाई दिवसभर ओठांतल्या ओठांत पुटपुटत वेचत. मास्तरांच्या परसात जाणं त्यांनी टाळलंच. मोकळ्या हातानं जायची त्यांना लाज वाटत होती. दगडाबाई जाऊन आली आणि म्हणाली, "इचारत होते, सरस्वतीबाई रुसल्या का."

"तू काय म्हनलीस?"

"म्हनलं, कापसात हाय."

मग एका सकाळी कळलं, मास्तरांना रात्री फार त्रास झाला आणि तहमीना येऊन त्यांना बीडला घेऊन गेली.

आत्याबाई झोळी बांधून रानात आल्या. दुपार कलली असेल, पुढच्या सरीतून त्या एकदम ओरडल्या, "आगं, बाई काढली की बसतंय!"

मी धावत गेले. "आयक. वजीहोद्दीन म्हने गा. बाई काढून टाकायची. गा घालायचा, अभंगात असतो तसा. बसलं का?"

बसलं होतं. अगदी नीट. इतकी वर्षं प्रत्येक बाई त्या ओळीत दुसऱ्या बाईला हाक मारत होती. मास्तरांच्या नावाला जागा करायला ती हाक तेवढी उचलावी लागत होती.

"लाव फोन तहमीनाला."

सरीत रेंज नव्हती. आम्ही बांधावर चढलो. तहमीनाचा आवाज बसला होता. "मावशी, अब्बा रात्रीपासून बोलत नाहीत. नाकाला नळी लावलीय."

"बोलू नका म्हन त्यांना. नुसतं आयका म्हन. कानाला लाव."

आत्याबाईंनी डोक्यावर पदर घेतला. केसांत, पदरावर कापसाचे तंतू चिकटलेले. बीडच्या दिशेला तोंड करून, मास्तर समोर बाजेवर असल्यागत त्या बांधावर खाली बसल्या. मी फोन त्यांच्या तोंडाशी धरला. सरींतल्या बायका उभ्या राहिल्या. आत्याबाईंनी पहिल्या तीन ओळी मोठ्यानं म्हटल्या. चौथीला आवाज एकदम खाली आला, गुपित सांगावं तसा. जन्मात पहिल्यांदा त्यांनी थोर माणसाचं नाव त्याच्या कानात घेतलं.

"वजीहोद्दीन म्हने गा, येचनारी बी उरंना."

पलीकडून दवाखान्यातला आवाज येत होता, कुणाची तरी खोकल्याची ढास, भांड्याचा खणखणाट.

"आयकलं का?"

"मावशी, डोळे मिटलेलेच होते. मी कानाशी धरला होता फोन, शेवटपर्यंत."

"मान हलली का? बोट?"

"मला नाही दिसलं, मावशी. काय माहीत."

हो म्हणाली असती तर कुणाचं काय जाणार होतं? पण मास्तरांची मुलगी ती. तशी सवय तिला लावलेली नव्हती.

मास्तर त्याच आठवड्यात गेले. त्यांना उमापूरला आणलं. आमच्या बायका नेहमीप्रमाणं परसात लिंबाखाली बसल्या. मयतानंतरची जेवणावळ घालायची नाही, असं ते आधीच सांगून गेले होते, म्हणून चाळिसाव्या दिवशी तहमीनानं शाळेतल्या मुलींना पुस्तकं दिली. एक-दोघे त्यावरही कुरकुरले. सिकंदरभाईंनी त्यांना गप्प केलं, "त्याच्या घरी आता तरी त्याचं चालू द्या."

त्या दिवशी निघताना आत्याबाई परसातून न जाता घरातून सरळ पुढच्या दाराला गेल्या. मी मागोमाग. दाराबाहेर उभ्या राहून त्यांनी वर बघितलं.

"पाटी होती व्हय इथं?"

"पहिल्यापासून आहे."

उन्हानं रंग उडाला होता. त्यांनी बोट हवेत धरून एकेक अक्षर लावलं, लिंबाखाली लावत तसं. व. जी. हो. जोडाक्षराला अडल्या. मी सांगणार होते, त्यांनी हातानं थांबवलं. अखेर पुरं वाचलं, मोठ्यानं, दोनदा. मग पदरानं चौकट पुसली आणि चालायला लागल्या. घरी येईस्तोवर एवढंच बोलल्या, "म्होरल्या दारानं एक डाव गेले असते तरी झालं असतं."

यंदाची वेचणी सुरू झालीय. नव्या बायका आल्यात, त्या गाणं मोबाइलवरून शिकून आल्यात आणि आपापली नावं घालतात, कुणी नाही घातलं तर वनमालाचंच ठेवतात. आत्याबाईही म्हणतात. पण शेवटच्या ओळीशी आल्या की थांबतात. मास्तरांचं नाव घ्यावं तर नियम त्यांचाच, ज्याच्या बोटाला बोंड टोचलं त्याचं. स्वतःचं घ्यावं तर आता तोंडात येत नाही. तेवढी अर्धी ओळ त्या गप्प राहतात, हात चालत असतो, एखाददुसरं बोंड झोळीत जातं, आणि मग पुढचं म्हणतात, "येचनारी बी उरंना."

परवा दगडाबाई पलीकडून ओरडली, "म्हातारे, इसरलीस व्हय गं?"

"न्हाई."

"मग घाल की कुनाचंतरी. माझं घाल."

आत्याबाई पुढच्या झाडाकडं सरकल्या. दगडाबाईनं थोडी वाट पाहिली, मग आपल्या नावानं ती ओळ पुरी केली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.